रक्ताचा कर्करोग आणि प्रयोगशाळेतील उंदीर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते स्वाभाविकच आहे. आपण उपनगरांत राहणारी माणसे. उंदराशी आपली ओळख आहे ती धान्याच्या डब्यापाशी, गटाराच्या झाकणापाशी आणि रात्रपाळीला काठी घेऊन फिरणाऱ्या महापालिकेच्या माणसांमुळे. डोंगर पोखरून उंदीर काढला असे आपण फुकट गेलेल्या श्रमांबद्दल म्हणतो. पण आज मला नेमके असे सांगायचे आहे की, रक्ताच्या कर्करोगाचा डोंगर शास्त्रज्ञांनी पोखरला तो पुष्कळसा उंदराच्याच मदतीने. आणि त्या पोखरण्यातून जे समजले ते न कळल्यामुळे आपल्याच वस्त्यांतील काही मुलांचा उपचार आजही अर्ध्यावर सुटतो. म्हणून हा विषय निवडला.

प्रथम रक्त म्हणजे काय ते पाहू. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. ही मज्जा म्हणजे एक मोठी शाळाच समजा. तेथे मूळ पेशी बालवर्गात दाखल होतात, इयत्ता चढत जातात आणि शिकून तयार झाल्या की रक्तात बाहेर पडतात. कोणी तांबडी पेशी होऊन प्राणवायू वाहते, कोणी पांढरी पेशी होऊन जंतूंशी लढते, कोणी प्लेटलेट होऊन जखमेतले रक्त थांबवते. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतो तेव्हा एखाद्या पांढऱ्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. ती एका इयत्तेत अडकते, पुढे सरकत नाही, शाळा सोडत नाही आणि आपल्यासारख्याच पेशी बेसुमार वाढवत राहते. वर्ग भरून जातात. इतरांना बसायला जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून मूल पांढरेफटक दिसते, दमते. प्लेटलेट कमी म्हणून हिरड्यांतून रक्त येते, न मार लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. लढणाऱ्या पेशी कमी म्हणून ताप हटत नाही. हाडे दुखतात, मानेला वा काखेत गाठी येतात. ही लक्षणे साध्या आजारातही असतात, घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दोन-तीन आठवडे ताप आणि फिकेपणा हटत नसेल, तर रक्ताची साधी तपासणी, तीही काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली, करून घ्यावी. ती महाग नसते.

आता उपचाराची गोष्ट. तिचा एक धागा आपल्या मुंबईतूनच, किंबहुना आपल्याच समाजातल्या गरीब स्त्रियांच्या ताटातून निघतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक गंभीर रक्तक्षय होत असे, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्यांनी कोण काय खाते याची पाहणी केली. आढळले असे की ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि ज्यांना हा रक्तक्षय सर्वांत जास्त, त्या गरीब मुस्लिम स्त्रिया होत्या. विल्सबाईंनी मग प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना तोच आहार दिला. उंदरांनाही रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट मिसळले की तो टळे. मात्र त्या उंदरांना उवा झाल्या होत्या, त्यामुळे निष्कर्षावर पूर्ण विसंबता येईना. म्हणून तोच प्रयोग पुढे माकडांवर करावा लागला. अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या पदार्थाने, त्या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गरोदर भगिनींना दवाखान्यात ज्या गोळ्या मिळतात त्यांत तो असतो.

येथे गोष्टीला वळण मिळते. रक्तपेशी वाढायला फॉलिक आम्ल लागते, तर मग कर्करोगाच्या रक्तपेशींनाही ते लागत असणारच. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये दिली की आजार उलट जोमाने वाढतो. त्यांनी हे उलटे फिरवले. हुबेहूब फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीच्या कामी न येणारे द्रव्य दिले तर? कुलपात जाते पण फिरत नाही अशी किल्ली. अशी द्रव्ये अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रचे सुपुत्र होते. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळ हटला होता. त्यापूर्वी हा आजार झालेले मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत जाणार हे ठरलेलेच असे. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट हे औषध आजही परळच्या टाटा रुग्णालयात मुलांना दिले जाते.

पण ती दहा मुले पुन्हा आजारी पडली. असे का? याचे उत्तर पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. ते एका उंदराने दिले.

अमेरिकेत अलाबामा राज्यात हॉवर्ड स्किपर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे उंदरांच्या ल्युकेमियाचा एक वाण होता, एल-१२१० नावाचा. त्यांनी मोजून मोजून पेशी निरोगी उंदरांना टोचल्या: लाख, हजार, शंभर, दहा. १९६४ च्या सुमारास त्यांनी जे दाखवले ते असे की, एकच पेशी, फक्त एक, उंदराला मारायला पुरेशी आहे. विद्यार्थ्यांनी वहीत हिशेब करून पाहावा. ही पेशी साधारण १२-१३ तासांत दुप्पट होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे ३० वेळा करा. आकडा १०७ कोटींच्या वर जातो. म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा दिवसांत एका पेशीच्या शंभर कोटी होतात, आणि उंदीर मरतो.

स्किपर यांची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. निदानाच्या वेळी आजारी माणसाच्या शरीरात ल्युकेमियाच्या सुमारे एक लाख कोटी पेशी असू शकतात. समजा पहिल्या टप्प्याने हजारातल्या ९९९ मारल्या. मूल खेळू लागते, जेवू लागते, रक्ताचा अहवाल चांगला येतो, सूक्ष्मदर्शकाखाली एकही वाईट पेशी दिसत नाही. घरात आनंद होतो. पण उरल्या किती? शंभर कोटी! आणखी एक तितकाच टप्पा झाला की दहा लाख उरतात, मग हजार, मग एक. आणि एक पुरेशी असते हे उंदराने सांगितले आहे.

म्हणून मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियाचा उपचार महिनाभरात संपत नाही. तो दोन-अडीच वर्षे, काही वेळा त्याहून अधिक चालतो. घरी असे बोलले जाते की, पोरगा तर बरा झाला, आता सुट्टीत गावी नेऊ, सारखे सुया टोचून त्याचा जीव का काढायचा, गावाकडची हवा आणि एखाद्याचे झाडपाल्याचे औषध पुरे. आई-वडिलांच्या मायेतूनच हे येते, मी त्यांना दोष देत नाही. रोज मजुरी बुडवून मुलुंडहून वा बोरिवलीहून परळ गाठणे सोपे नाही. परंतु ज्या दिवशी गोळ्या थांबतात त्या दिवशी उरलेल्या पेशींचा ३० पायऱ्यांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. माणसात तो उंदरापेक्षा सावकाश चालतो, एवढाच फरक. आणि परतलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले पूर्ण बरी होतात. त्यांच्या औषधांतली बरीचशी आपल्याकडेही स्वस्तात मिळतात. फरक पडतो तो उशिरा येण्यामुळे, मध्ये होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे आणि उपचार सोडून देण्यामुळे.

आणखी एक भीती बोलून टाकतो. पाठीच्या कण्यातून इंजेक्शन दिले की मूल पांगळे होते, असा समज ऐकू येतो. मेंदूकडे बरीचशी औषधे रक्तातून पोहोचत नाहीत. ल्युकेमियाची पेशी तेथे लपून बसते. तिला तेथे गाठण्यासाठी ते इंजेक्शन असते. ते चुकवू नये.

आता शीर्षकातल्या उंदराच्या खऱ्या कामगिरीकडे येऊ. स्किपर यांच्या उंदरांना आजार बाहेरून टोचला होता. पण आजार आतून, एखाद्या जनुकाच्या बिघाडातून, कसा उगवतो हे पाहायचे तर तो बिघाड उंदरातच निर्माण करायला हवा. उंदीरच का? तो २५-३० ग्रॅम वजनाचा, तीन आठवड्यांत वितो, दीड-दोन महिन्यांत वयात येतो आणि त्याची बहुतेक जनुके आपल्या जनुकांशी जुळतात. शिवाय बहीण-भावंडांच्या पिढ्यान्‌पिढ्या संकरातून सर्व उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे असलेले शुद्ध वंश तयार करता येतात. अमेरिकेत हे काम विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. मुंबईतही परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात असा एक वंश वाढवला गेला. त्याला संस्थेच्याच नावाने ‘आयसीआरसी’ म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासात तो कामी आला. त्या संस्थेत डॉ. वसंत खानोलकर आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी काम केले. रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

१९७४ साली रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या कोवळ्या गर्भात परकीय जनुकद्रव्य घातले. ते त्याच्या पेशींत टिकून राहिले. पुढे काही वर्षांतच फलित अंड्यात अतिबारीक काचनळीने जनुक टोचण्याची रीत निघाली. असे अंडे उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवायचे, पिले जन्मली की कोणात जनुक उतरले ते तपासायचे. १९८५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह एक प्रसिद्ध उंदीर तयार केला. माणसाच्या एका प्रकारच्या लिम्फोमात ‘मिक’ नावाचे जनुक आपली जागा सोडून, प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसते, असे दिसले होते. हे स्थलांतर आजाराचे कारण की नुसती खूण? त्यांनी उंदरात मुद्दाम तशीच जोडणी केली. बहुतेक उंदरांना काही महिन्यांत लिम्फोमा झाला. प्रश्न मिटला.

याच धर्तीवर दुसरे उदाहरण आपल्या खिशाशी संबंधित आहे. सीएमएल नावाच्या ल्युकेमियात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. फिलाडेल्फियात १९६० साली ते विचित्र गुणसूत्र दिसले, १९७३ साली जॅनेट राऊली यांनी ही अदलाबदल ओळखली. तिच्यातून ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होते. १९९० साली उंदरांच्या अस्थिमज्जेत ते जनुक घातले तेव्हा उंदरांना तसाच आजार झाला. गुन्हेगार ओळखला गेला, मग त्याच्यावर नेम धरणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. मूळ कंपनीची ती गोळी महिन्याला लाखाच्या घरात जाई, भारतीय कंपन्यांची त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी किमतीत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. आज हजारो रुग्ण रोज एक गोळी घेऊन नोकरी-धंदा करतात.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो तिसरा उंदीर. आपल्या शाळेच्या उपमेत तो चपखल बसतो. एपीएल नावाचा ल्युकेमिया पूर्वी फार भयंकर मानला जाई. शांघायचे डॉ. वांग झेन-यी यांनी १९८० च्या दशकात या रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या जातीचे एक औषध दिले आणि पेशी मरण्याऐवजी मोठ्या होऊ लागल्या. म्हणजे अडकलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून न हाकलता पुढच्या वर्गात घातले! यामागचे जोडजनुक १९९० च्या दशकात उंदरांत घातले गेले तेव्हा दोन गोष्टी उलगडल्या. एक, सर्व उंदरांना ल्युकेमिया झाला नाही. काहींनाच झाला, तोही महिनोनमहिने उलटल्यावर. म्हणजे एक बिघाड पुरत नाही, दुसरा कोठेतरी व्हावा लागतो. दोन, त्याच आजाराच्या एका वेगळ्या जोडजनुकाचे उंदीर या औषधाला दाद देत नव्हते, जसे तसे रुग्णही देत नाहीत. कोणाला कोणते औषध द्यायचे हे जनुक पाहून ठरवावे लागते, हे यातून पक्के झाले. चीनमधूनच आलेल्या सोमलाच्या, होय, विषारी सोमलाच्याच, शुद्ध औषधाची जोड मिळाल्यावर या आजाराच्या कमी जोखमीच्या बहुसंख्य रुग्णांना आता आजारमुक्त करता येते.

उंदरांचा आणखी एक प्रकार सांगून पवईकडे वळतो. १९८३ साली फिलाडेल्फियात बोस्मा दांपत्याला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेले उंदीर आढळले. पुढे आणखी एक जनुक मुद्दाम काढून टाकून त्याहून दुबळे उंदीर घडवले गेले. परक्या पेशी ते नाकारत नाहीत, म्हणून माणसाचा ल्युकेमिया त्यांच्या अंगात वाढतो. पेशींत काजव्याचे प्रकाश देणारे जनुक घातले की आजार कोठे पसरला ते कॅमेऱ्यात चमकताना दिसते. औषध लागू पडले की चमक विझते.

पवईची आयआयटी तुम्ही घाटकोपर-अंधेरीच्या वाटेवर बसमधून पाहिली असेल. तेथील प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांबरोबर ‘कार-टी’ नावाचा उपचार भारतात घडवला. रुग्णाच्याच लढाऊ पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखणारे नवे जनुक द्यायचे आणि परत रक्तात सोडायच्या. परदेशातील अशा उपचारांत ओळख पटवणारा तो तुकडा मुळात उंदराच्या प्रतिद्रव्यातून घेतलेला होता. पवईच्या मंडळींनी तो मानवी घडणीचा केला, त्यामुळे शरीराला तो कमी परका वाटावा. मग त्याची परीक्षा घेतली ती उंदरांतच. जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला खारघरच्या टाटा केंद्रात तो दिला गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागतात, येथे सुमारे ४० लाख. हा आकडाही आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय हा उपचार नेहमीची औषधे हरल्यानंतरचा आहे. आधीची साधी, स्वस्त औषधे पूर्ण घेणे हीच खरी कमाई.

उंदीर सगळेच सांगतो असेही नाही. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या चिमुरडीला कार-टी दिले गेले तेव्हा तिला असा भयंकर ताप चढला की ती मरणाच्या दारात पोहोचली. उंदरांतल्या चाचण्यांनी याची पुरेशी सूचना दिली नव्हती. संधिवाताच्या एका औषधाने ती वाचली. तो ताप दाखवू शकणारे उंदीर २०१८ साली तयार झाले, म्हणजे रुग्ण आधी आणि उंदीर मागाहून.

एका विद्यार्थिनीने मला विचारले की, हे उंदरांवर क्रूरपणाचे नाही का? प्रश्न रास्त आहे. वेदना होतात हे खरे आहे. म्हणूनच १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली देखरेख समिती आहे. प्रत्येक प्रयोगासाठी आधी मंजुरी लागते, आणि कमी प्राण्यांत, कमी वेदनेत, शक्य तर प्राण्याविना काम भागवावे असा दंडक आहे. औषधाच्या चाचणीत प्राण्यांऐवजी पेशींच्या पद्धती वापरता याव्यात म्हणून २०२३ साली आपल्याकडचे नियमही बदलले. धर्माच्या अंगाने याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, ते उलेमांना विचारावे. माझे मत इतकेच की, ज्याने मुलाला मेथोट्रेक्झेट दिले त्याने त्यामागच्या प्राण्यांचा हिशेब ठाऊक ठेवावा.

विद्यार्थ्यांना या क्षेत्रात शिरायला डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. बारावीनंतर जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घेऊनही येथे येता येते. उंदरांचे घर चोवीस तास स्वच्छ ठेवणाऱ्या प्रशिक्षित माणसावाचून तर कोणाचेच काम चालत नाही.

संस्थेच्या चालकांना एक सूचना करून मी आटोपते घेतो. ल्युकेमियाच्या मुलाला उपचारात वारंवार प्लेटलेट लागतात, आणि त्या रक्तपेढीत जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. १८ वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची, विद्यार्थिनींची रक्तगटासह एक यादी कार्यालयात असावी, आणि ती दर वर्षी निकालाच्या वेळी नव्याने लिहिली जावी. यादीसाठी नाव देऊ इच्छिणाऱ्यांनी समारंभानंतर कार्यालयात थांबावे, मुख्य लिपिक वही घेऊन बसले आहेत.